प्लस अर्थाची गाडी

मागच्या खेपेला तुम्ही पुण्याला आलात तेव्हा आपण सगळे गाडीतून खडकवासल्याला निघालो होतो. धाकटीने हट्ट करून माझ्याशेजारची जागा घेतली आणि आबांना मागे बसावं लागलं. मी गाडी सुरू केली, रस्त्याला लागले, आणि ती एकदम किंचाळली, "आजी, थांब! मायनस! तो मायनसला चाललाय!"

स्टिअरिंगच्या मागे जो छोटा गोल काच-डबा आहे, त्यातला काटा डावीकडे, वजाच्या खुणेकडे झुकला होता. बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे हे तो काटा सांगतो, एवढं तिला थोरल्याने आधीच शिकवून ठेवलेलं होतं. तेव्हा तिचं किंचाळणं रास्तच होतं. मागून आबा म्हणाले, "मायनस म्हणजे प्लस. बस नीट."

उत्तर बरोबर होतं, पण अपुरं. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. एखाद्या मुलीचा प्रश्न अर्धा सोडून पुढचा धडा घेणं मला कधी जमलं नाही. तुम्ही परत गेलात आणि ते मला सारखं खुपत राहिलं. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

गाडी तुमच्या आईपेक्षा वयाने मोठी आहे. इंग्रजी बनावटीची, गोल पाठीची, गियरची दांडी स्टिअरिंगला लागून असलेली. पुढची सीट सलग, बाकासारखी. आबांनी ती एका वृद्ध डॉक्टरांकडून घेतली तेव्हा आमचं नवीन लग्न झालं होतं. मी तिच्यावरच गाडी चालवायला शिकले, आणि दुसरी कुठली गाडी मला आजही धड चालवता येत नाही. पण तेव्हा बहुतेक वेळा चालवायचे ते आबाच, आणि चालवताना ते एक अक्षर बोलत नसत. घरातही बेताचंच.

मग ती वर्षं आली ज्यांना वर्तमानपत्रं उदारीकरण म्हणायची. बाहेरच्या कंपन्या आल्या, दुकानांत नवे साबण आले, तुमच्या आईच्या वर्गातली निम्मी मुलं कॉम्प्युटरकडे वळली. आबांच्या कारखान्याने मात्र स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. स्वेच्छा कोणाची, असा प्रश्न कोणी विचारला नाही. आबा एका संध्याकाळी घरी आले, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "उद्यापासून डबा नको." मी विचारलं, "अहो, म्हणजे काय?" ते म्हणाले, "म्हणजे डबा नको." त्या विषयावर घरात झालेलं बोलणं एवढंच.

त्यानंतर थोड्याच काळात त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. आम्ही जागा बदलल्या. मी उजवीकडे, ते डावीकडे. सकाळचा वेळ जाता जात नाही म्हणून मी त्यांना गाडीतून धरणाकडे न्यायला लागले. आपलं घर तेव्हाही कोथरूडलाच होतं. वारज्यातून, शिवण्यावरून, सैनिकी प्रबोधिनीचं फाटक मागे टाकत गेलं की पाणी दिसायचं.

आणि मुलांनो, आबा बोलायला लागले.

का ते मला माहीत नाही. हातात स्टिअरिंग नव्हतं म्हणून असेल, किंवा दोघांनाही समोर बघायचं असतं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल. वारजं मागे पडलं की ते सुरू होत. कारखान्यातल्या शेवटच्या दिवसाबद्दल मला पहिल्यांदा त्या रस्त्यावर कळलं. त्यांच्या खात्यातली यंत्रं आधीच विकली गेली होती आणि शेवटचा आठवडा ते रिकाम्या शेडमध्ये टेबल मांडून बसत होते, हे त्यांनी मला शिवण्याच्या गतिरोधकावर सांगितलं. त्यांचे वडील, त्यांची लहानपणी गेलेली बहीण, तुमच्या आईचं लग्न होताना त्यांना वाटलेली भीती, सगळं तिथेच. मी मध्ये प्रश्न विचारत नसे. विचारला की थांबतील असं वाटे. घरी आल्यावर ते पेपर उघडत आणि पेपरच्या मागे जात.

आता लाल दिव्याचं.

काट्याच्या बाजूला एक लाल दिवा आहे. गाडी सुरू करताना तो लागतो आणि इंजिनाने वेग घेतला की विझतो. म्हणजे डायनॅमो वीज तयार करायला लागला, बॅटरी भरते आहे. आमच्या तरुणपणी वाटेत तो दिवा मी क्वचितच पाहिला असेल. पण तुमची आई कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेली त्या सुमाराला तो दर सिग्नलला लागायला लागला. गाडी उभी राहिली की लाल. हलली की विझला. पुन्हा उभी, पुन्हा लाल. आणि तेव्हा पुण्यात गाड्या नुसत्या उभ्याच राहायला लागल्या होत्या. हिंजवडीच्या कंपन्यांच्या मोठ्या बसेस, दोन-दोन दुचाक्या असलेली घरं, कुठे पूल बांधणं, कुठे केबलसाठी खणणं. नळ स्टॉपला एकाच सिग्नलचा हिरवा तीनतीनदा येऊन जायचा आणि आम्ही तिथेच.

मी स्वभावाने शिस्तीची आहे, हे तुमची आई तुम्हाला हसत हसत सांगत असणार. किल्ल्या ठरल्या खिळ्याला, फडकं चार घड्यांचं. त्या दिव्याने माझी सगळी घडी विसकटली. डोळे रस्त्यावर हवेत, ते दिव्यावर जायचे. मी क्लच दाबून उगाच इंजिनाचा वेग वाढवत राहायची, म्हणजे दिवा विझावा. शेजारचा रिक्षावाला बघायचा.

"दोष डायनॅमोचा नाही," आबा म्हणायचे. "तो चालत्या गाडीसाठी केलाय. गावच थांबून राहिलं त्याला तो काय करणार?"

"मग दुसरं काही बसवता येत नाही का?"

"येतं. अल्टरनेटर. उभ्या गाडीतसुद्धा भरतो." मग, "पण मग ती ही गाडी राहणार नाही."

हा त्यांचा हेका होता. रंग तोच, सीटचं कापड तसंच, टिकलीएवढा नटसुद्धा मूळचा. ज्या कारखान्यात जन्म घालवला तिथे एकेक यंत्र त्यांनी डोळ्यांदेखत जाताना पाहिलं होतं. मला ते समजत होतं. पण समजून दिवा विझत नव्हता.

एका संध्याकाळी व्हायचं ते झालं. डेक्कनवरून परतताना दिवे लावलेले, उजवीकडे वळायचं म्हणून दिशेचा दिवा चालू, आणि नळ स्टॉपला गाडी अडकली. समोरच्या दिव्यांचा उजेड पिवळा झाला, मग विटकरी झाला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. किल्ली फिरवली तर नुसता टक् असा आवाज. मागे कंपनीची एक लांबलचक बस. तिच्या हॉर्नचा आवाज माझ्या पाठीत घुसत होता.

मोटरसायकलवरचा एक मुलगा काचेपाशी वाकून म्हणाला, "आजी, म्युझियम मागे राहिलं."

आबा म्हणाले, "हो. तुझ्यासाठीच थांबलोय, बस मागे."

तो हसला, गाडी बाजूला लावली, आणि त्यानेच एका रिक्षावाल्याला हाक मारून आम्हाला ढकलत कडेला नेलं. पोलीस म्हणाला, "बाई, असली गाडी रस्त्यावर कशाला काढता?" मी फडक्याची घडी घालत उभी राहिले. रिक्षावाला घाम पुसत म्हणाला, "मावशी, बिबवेवाडीत एक जण आहे. ट्रॅक्टर, जिपा, सगळ्यांचे डायनॅमो काढून नवीन बसवतो. भेटा त्याला."

रविवारी तुमच्या आईचा फोन आला. मी तिला सगळं हसत हसत सांगितलं, पण ती हसली नाही.

"आई, पुरे आता. ती गाडी विका. मी तुम्हाला नवीन छोटी गाडी घेऊन देते. आणि ड्रायव्हर."

"ड्रायव्हर कशाला? मी चालवते की."

"अगं, तू साठीला आलीस. भर रस्त्यात बंद पडली, कोणी मागून ठोकलं असतं तर? मी इथे बसून काय करू? बाबांना दे."

आबांनी फोन घेतला. बराच वेळ ऐकलं. "बरं," म्हणाले. "बघतो."

गिऱ्हाईक बघायची गरज नव्हती. ते आधीपासूनच होतं. वारज्याचे एक गृहस्थ, शेतकरी घरातले. त्यांच्या शेतातून हायवे गेला होता, उरलेल्यावर इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि धरणाच्या रस्त्याला ते एक मोठं हॉटेल बांधत होते. हॉटेलच्या पुढ्यात ओटा करून त्यावर जुनी गाडी ठेवायची, भोवती दिवे, असा त्यांचा बेत. आमची गाडी त्यांनी जाता-येता हेरली होती. बंद पडल्याचं त्यांना कोणाकडून तरी कळलं आणि ते पेढे घेऊन आले, जणू आमच्याकडे काही चांगलं झालं होतं.

"काका, ही गाडी मी ल्हानपनापास्नं वळखतो," ते म्हणाले. "आमी रस्त्याच्या कडंला ढोरं घेऊन हुबं ऱ्हायाचो. डॉक्टरांची गाडी जायाची धरनाकडं. हीच. लई भारी वाटायचं. म्हनलं, कवातरी आपल्या दारात हुबी करायची."

हे ऐकून आबांचा चेहरा सैल झाला. त्या माणसात खोटं काही नव्हतं. तो गाडी भंगारात घालणार नव्हता, तिच्यावर छत बांधणार होता. "एक बी नट बदलनार न्हाई," त्यांनी शब्द दिला. "फकस्त इंजिन काढून ठिवू. वजन लई होतंय, ओटा खचंल."

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. गाळणं तसंच धरून उभी राहिले.

ते गेल्यावर मी म्हणाले, "अहो, इंजिन काढणार म्हणतात."

"काढून ठेवणार. फेकणार नाही."

"इंजिन नसलेली गाडी मूळची, आणि अल्टरनेटर बसवलेली मूळची नाही?"

आबांनी पेपर उघडला. "पुढच्या रविवारी क्रेन घेऊन येतोय तो," पेपर म्हणाला. "नक्की असं म्हटलेलं नाही मी. बघू म्हटलंय."

तो आठवडा मला अजून आठवतो. कशातच मन लागत नव्हतं. मी धान्याचे डबे उतरवून पुसले, पुन्हा चढवले, पुन्हा उतरवले. खाली जाऊन गाडीचं दार उघडायची, बसायची, परत यायची. मला गाडीचं वेड नाही, खरंच नाही. मला कार्ब्युरेटर कुठे असतो तेही आता सांगता येणार नाही. पण नव्या गाडीत पुढे एक पगारी माणूस बसलेला मला दिसायचा, आणि मागे आम्ही दोघं, दोन खिडक्यांतून दोन बाजूंना बघत. परक्या माणसाच्या पाठीमागे बसून आबा बहिणीबद्दल बोलणार होते? डब्याबद्दल? गाडी ओट्यावर चढली की तिच्याबरोबर आबांचं बोलणंही तिथेच जाऊन बसणार होतं, आणि ते परत आणायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मंगळवारी मी म्हणाले, "मी बिबवेवाडीला जाऊन विचारून येते."

"विचारायला काही लागत नाही," आबा म्हणाले.

रिक्षाने गेले. गल्लीत एका पिठाच्या गिरणीला लागून त्याचं दुकान, दाराशी ट्रॅक्टरचे भाग. माणूस यवतमाळकडचा, कामासाठी पुण्यात आलेला, गोल चेहऱ्याचा आणि भलताच बोलका. त्याने मला खुर्ची दिली, स्वतःचं कार्ड दिलं, त्याने अल्टरनेटर बसवलेल्या गाड्यांची नावं सांगितली आणि माझं पुरतं सांगून व्हायच्या आत म्हणाला, "होऊन जाते जी! काही टेन्शन नका घेऊ. माल देणाऱ्याला विचारतो, अन् शुक्रवारी फोन करतो."

शुक्रवारी मी सकाळपासून फोनच्या आसपास. आबा त्याच खोलीत पेपर घेऊन. दुपार झाली. मी रिसीव्हर उचलून पाहिला, चालू आहे ना. आबा म्हणाले, "सारखा उचलून ठेवलास तर त्याचा लागणार कसा?" चार वाजून गेल्यावर फोन वाजला.

"मॅडम, अल्टरनेटर मिळून जाते," पलीकडून मोठा आवाज. "फक्त एक सांगा जी. तुमच्या गाडीचा अर्थ काय आहे?"

मी गोंधळले. "अर्थ म्हणजे?"

"अर्थ जी, अर्थ! गाडीचा."

मला राग आला. म्हातारी माणसं जुन्या गाडीत पैसा घालतात, त्याला काय अर्थ आहे, असंच मला ऐकू आलं. पोलिसाने तेच विचारलं होतं, मुलीने तेच, आता यानेही. "तो तुम्हाला कशाला हवा?" मी म्हणाले. "तुम्ही तुमचं काम करा."

"असं नाही जमत ना जी. अर्थ समजल्याबिगर मी हातच नाही लावत. मागं एका जिपेचा अर्थ उलटा लागला, सगळं जळून गेलं. अन् मालकाला इचारलं तर त्याला माहीतच नाही का आपल्या गाडीचा अर्थ काय आहे. लोकं वर्षानुवर्षं चालवतात जी, पण अर्थच नसते माहीत."

आता माझा राग गेला. मला वाटलं, हा माणूस दिसतो त्याहून खोल आहे. मला कोणी इतकं सरळ विचारलंच नव्हतं. आणि आठवडाभर जे मनात घुसळत होतं ते तोंडाशी येऊन थांबलेलंच होतं.

"बरं, ऐका मग," मी म्हणाले. "घरात आम्ही दोघंच असतो. आमचे हे घरात बोलत नाहीत. कारखाना सुटल्यापासून तर नाहीच. पण गाडीत बसले की बोलतात. वारजं मागे पडलं की सुरू होतात. मी काही विचारत नाही, विचारलं तर थांबतील म्हणून. नवीन गाडी आली की ड्रायव्हर येणार, आणि त्याच्यासमोर हे तोंड उघडणार नाहीत. ही गाडी गेली की माझ्या घरात बोलणारं कोणी उरणार नाही. हा आहे अर्थ. पुरे का?"

पलीकडून नुसता गिरणीचा आवाज येत होता.

"मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, "ते तर एकदम बरोबर आहे जी. पण मी बॅटरीचं विचारून राहिलो होतो. बॉडीला प्लसची वायर जोडून आहे का मायनसची? त्याला आम्ही अर्थ म्हणतो."

मुलांनो, तुम्ही शाळेत 'अर्थ' म्हणजे पृथ्वी असं शिकता, तोच हा शब्द. बॅटरीची एक तार गाडीच्या लोखंडी अंगाला जोडतात, ती अर्थ. मी हा शब्द चांगल्या इंग्रजी शाळेत, जिभेचं टोक दातांत धरून शिकले होते. त्याच्या तोंडून तो मराठी होऊन आला आणि मला ओळखता आला नाही.

माझे कान तापले. मी रिसीव्हर हातात धरून उभी. खोलीत पेपर होता आणि पेपरच्या मागे आबा होते.

"प्लस," पेपर म्हणाला.

"अं?"

"प्लस. सांग त्याला. जुनी इंग्रजी गाडी आहे, हिचा अर्थ प्लस आहे. अल्टरनेटरला मायनस लागेल. म्हणजे सगळं उलटं करावं लागेल. रेडिओ जाईल." पेपरचं पान उलटलं. "आणि विचार, गाडी बघायला कधी येतोस."

मी ते सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, श्रुतलेखन घातल्यासारखं. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि भरलेल्या माठात पाणी ओतायला लागले. बाहेर आले तेव्हा आबा गच्चीत उभे होते आणि टेबलावर पेपर होता, नीट घडी केलेला. जन्मात त्यांनी पेपरची घडी घातली नव्हती. ती मी घालायची.

त्या विषयावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. घरातच होतो ना.

तो दुसऱ्याच दिवशी सकाळी मापं घेऊन गेला आणि दुपारी सामान घेऊन आला. बॅटरी काढून उलटी बसवली, म्हणजे आता प्लसच्या जागी मायनस अंगाला. डायनॅमो निघाला, पिंपासारखा जड. त्याच्या जागी लेथवर करून आणलेल्या बोटभर जाडीच्या पट्टीवर तो नवा जाळीदार अल्टरनेटर. आबा शेजारी स्टूल टाकून बसले होते. डायनॅमोबरोबर लागणारा काळा डबा, ज्याला गॅरेजात कटआऊट म्हणतात, तो काढायला तो गेला तेव्हा आबा म्हणाले, "ते राहू दे."

"काका, त्याचं आता काही कामच नाही."

"माझंही नाही. मी आहे ना जागेवर?"

तो डबा आजही तिथे आहे, बिनकामाचा. रेडिओही आहे. त्याच्या वायरी मात्र आबांनी स्वतः काढल्या, टोकांना चिकटपट्टी लावली आणि आत सरकवून दिल्या. त्या रेडिओवर त्यांनी कितीतरी क्रिकेटचे सामने ऐकले होते. ते काम त्यांनी त्या माणसाला करू दिलं नाही, एवढंच मी पाहिलं.

गाडी सुरू झाली. लाल दिवा विझला, आणि गाडी जागच्या जागी उभी असूनही विझलेलाच राहिला. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा मात्र मांजराचं शेपूट पायाखाली यावं तसा केकाटत होता. त्याने तो फारच ताणून बसवला होता, आणि पुढे दोनदा यावं लागलं त्याला. पण तेव्हा माझं लक्ष काट्याकडे होतं.

"अहो, हा वजाकडे गेलाय!"

त्याने आत डोकं घालून पाहिलं आणि जीभ चावली. "सगळं उलटं केलं ना जी, तर हाही उलटा दाखवून राहिला. मागच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. पण पॅनेल उघडावं लागते." त्याने खालून हात घातला आणि लगेच काढला. बोटांवर काळा भुगा. "हे जुन्या वायरीवरचं कापड. ओढलं तर सगळंच हातात येईन."

आबा म्हणाले, "राहू दे. इतकी वर्षं सरळ बोलला, आता उलट बोलेल. आम्हाला घरात सवय आहे."

"कोणाची सवय?" मी विचारलं.

"काट्याची नाही," आबा म्हणाले.

रविवारी क्रेन यायची होती. ती यायच्या आत आम्हीच निघालो. मी इतकी धास्तावले होते की पहिल्याच चौकात क्लच सोडताना गाडीने उडी मारली. काटा डावीकडे. माझ्या डोळ्यांना डावीकडचा काटा म्हणजे संकट. मनाला सांगायचं की नाही, भरते आहे, भरते आहे. सिग्नलला थांबलो. मी दिव्याकडे बघत बसले. लागला नाही. आणि लागत नाही म्हणूनच जीव टांगणीला. वाटे, दिवाच तर गेला नाही ना?

वारजं अजून यायचं होतं. आबा समोर बघत म्हणाले, "मला वाटायचं, मी बोलतो ते तुला नाइलाजाने ऐकावं लागतं. हात अडकलेले असतात म्हणून."

मला काहीतरी म्हणायचं होतं. मागच्याने हॉर्न दिला.

"सिग्नल सुटला," मी म्हणाले, आणि पहिला गियर टाकला.

हॉटेलच्या बांधकामाशी ते वारज्याचे गृहस्थ उभेच होते. आबा उतरून त्यांच्याशी बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, इंजिन मी बंद करायला धजले नव्हते. त्या गृहस्थांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग माझ्या खिडकीशी आले.

"काकू, ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. पर येक करा. येता-जाता च्या घ्यायला थांबत जावा. आन गाडी म्होरल्या बाजूला लावा, झाडाखाली नगं. दिसली पायजे."

तेव्हापासून आम्ही तिथे थांबतो. ओट्यावर त्यांनी पुढे बैलगाडी चढवली. तिच्यावर बसून तुम्ही दोघांनी फोटो काढले तीच. तुमच्या आईला हे सगळं मी फोनवर सांगितलं, अर्थाची गोष्ट सोडून. ती म्हणाली, "पण बाबा तयार कसे झाले?" मी म्हणाले, "विचारलं तर सांगतील." तिने विचारलं असेल असं वाटत नाही.

आता तुम्ही उन्हाळ्यात येणार. धाकटी पुन्हा पुढे बसणारच, बाक सलग आहे, आबा कडेला सरकतील. तेव्हा, धाकटे, हे लक्षात ठेव: काटा मायनसकडे असेल तर काही झालेलं नाही. तो प्लसकडे गेला, तर मात्र बॅटरी संपते आहे, आणि मला सांगायला हवं. पण त्या वेळी आबा काही बोलत असतील, तर त्यांचं वाक्य आधी पुरं होऊ दे.